पितळी उंबऱ्यापासून खासबागेपर्यंत : आमच्या केबलवरची स्थानिक वाहिनी

९ नोव्हेंबरच्या सायंकाळी पाचच्या सुमारास आमच्या घरी टीव्हीवर दुसरे काही लावायचे नाही, असा अलिखित नियम आहे. त्या दिवशी अंबाबाईचा किरणोत्सव असतो आणि आमच्या केबलवरची स्थानिक वाहिनी त्याचे थेट प्रक्षेपण करते. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्यावर क्षणभर चमकतात आणि मग देवीच्या चरणांपाशी पोचतात. हा सारा प्रवास निवेदक दबक्या आवाजात, एकेक टप्पा नावाने सांगत नेतो. ढग आले तर तो तसे सरळ सांगतो आणि गप्प बसतो. त्या शांततेत पार्श्वसंगीत घालण्याचा मोह वाहिनीने आजवर आवरला आहे, याबद्दल तिला पहिले गुण द्यायला हवेत.

कोल्हापुरात असे प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्या एकापेक्षा अधिक आहेत. मी जिच्याविषयी लिहितो आहे तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत. केबलच्या मासिक भाड्यातच ही वाहिनी मिळते आणि तिचे मोठे कार्यक्रम यूट्यूबवरही दिसतात, त्यामुळे पुण्यात स्थायिक झालेली माझी बहीण आणि दुबईतला भाचा हेही तिचे नियमित प्रेक्षक आहेत.

वाहिनीचे खरे बळ दिसते ते कुस्तीत. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि पुढे खासबागेचे मैदान उभे केले, ही गोष्ट इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मध्यभागी आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी रचना असल्यामुळे कुठेही बसले तरी पैलवान दिसतो. कॅमेऱ्यालाही याचा फायदा होतो, पण तो घेता यावा लागतो. या वाहिनीचा कॅमेरामन सलामीपासून पैलवानांच्या पायांवर लक्ष ठेवतो. घिस्सा किंवा एकलंगी डाव कुठून सुरू होणार, हे पायांच्या ठेवणीवरून कळते, हे त्याला कोणी तरी वस्तादाने शिकवले असावे. राष्ट्रीय क्रीडावाहिन्यांवर गादीवरच्या कुस्तीचे गुण पडद्यावर झळकत राहतात आणि डाव कोणता होता हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. इथे निवेदक ‘पोकळ घिस्सा’ म्हणतो तेव्हा प्रेक्षकाला अर्थ ठाऊक आहे असे तो गृहीत धरतो, आणि हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. हलगी आणि घुमक्याचा आवाज निवेदनाखाली दाबला जात नाही. एकदा तर मैदान सुरू होण्याआधीची पंधरा-वीस मिनिटे माती तयार करण्याचे काम दाखवले होते : तेल, ताक, लिंबू, हळद आणि कापूर घातलेली लाल माती खोऱ्याने वरखाली करणारी पोरे, आणि मूठभर माती नाकाशी नेऊन ‘अजून ताक घाला’ म्हणणारा एक म्हातारा. त्याचे नाव वाहिनीने सांगितले नाही, ही मात्र चूक झाली.

फुटबॉल ही या शहराची दुसरी नाडी. बाहेरच्या माणसाला हे पटवून द्यावे लागते, कारण महाराष्ट्रात इतरत्र तालीम म्हटली की कुस्तीच आठवते. इथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही फुटबॉल संघांची नावे आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लब समोरासमोर आले की पेठांमधले व्यवहार दुपारनंतर मंदावतात. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, साखळीतील सामने ही वाहिनी मनापासून दाखवते. खेळाडूला चेंडू मिळाला की तो कोणत्या गल्लीतला, त्याचे काका कोणत्या संघाकडून खेळत होते, याची माहिती निवेदक ओघात देऊन जातो. परदेशातून आलेल्या खेळाडूंबद्दल मात्र त्याच्याकडे ‘परदेशी खेळाडू’ या दोन शब्दांपलीकडे काहीच नसते. एखादा आफ्रिकी तरुण आपल्या पेठेत हंगामभर राहतो, इथला रस्सा खातो, पोरांना ड्रिब्लिंग शिकवतो. त्याच्याशी दहा मिनिटे बोलावे, असे कोणाला सुचत नाही. मुलींच्या फुटबॉलला तर बक्षीस समारंभापुरतेच स्थान आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती ठरली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्या गावाच्या वाहिनीने मुलींचा एक अख्खा सामना दाखवू नये, हे समर्थनीय नाही.

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकला. तेव्हा वाहिनीची परीक्षा होती. तिने गावात जाऊन जल्लोष दाखवला, गुलाल दाखवला, पुढाऱ्यांची अभिनंदने तर सायंकाळपर्यंत दाखवली. परंतु गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने अशा तीन प्रकारे नेम धरणे किती अवघड असते, हे कोणी समजावून सांगितले नाही. जिल्ह्यात नेमबाजीचे प्रशिक्षक आहेत, त्यांपैकी एकाला रायफलीसह कॅमेऱ्यासमोर उभे केले असते तरी पुरे होते. कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्याबाबतही असेच होते. हेलसिंकी ऑलिंपिकचे १९५२ चे कांस्यपदक आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी घर गहाण ठेवल्याची हकिकत दरवर्षी त्याच छायाचित्रांसह, जवळजवळ त्याच वाक्यांत ऐकू येते. तालमींमध्ये आज ऐंशी ओलांडलेले वस्ताद बसलेले आहेत, त्यांच्या आठवणी सावकाश ध्वनिचित्रमुद्रित करण्यासारखे निकडीचे काम या वाहिनीपुढे दुसरे नाही.

पुराच्या दिवसांत मात्र तक्रारीला जागा उरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे आम्हा सर्वांना तोंडपाठ आहेत. जुलैत पडद्याच्या कोपऱ्यात फूट आणि इंच सतत दिसत असतात, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले हे लगेच कळते आणि कोणता रस्ता बंद झाला हे तिथे उभा राहिलेला बातमीदार सांगतो. अशा वेळी तो ओरडत नाही. एरवी बातमीपत्रात मुंबईच्या वाहिन्यांची नक्कल करून जी आरडाओरड चालते, ती त्या आठवड्यात कुठे जाते कोण जाणे.

सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे जाहिरातींची पट्टी. वाढदिवसाच्या शुभेच्छा, साड्यांचा सेल आणि क्लासची यशोगाथा यांनी पडद्याचा खालचा भाग व्यापलेला असतो आणि सामन्याचा गुणफलक नेमका त्याखाली जातो. जाहिरातींवरच वाहिनी चालते हे मान्य करूनही पट्टी वर घेणे अशक्य नसावे. मागच्या हंगामात मी याविषयी वाहिनीच्या कार्यालयात फोन केला होता. पलीकडच्या मुलाने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि अत्यंत आदराने म्हणाला, “स्कोअर दिसंना होय? दोन-एक हाय की साहेब. पुढचा गोल झाला की फोन करतो.” आणि खरोखरच त्याने केला.