मूटचं मेमोरियल छापायचंय? ठाण्याच्या नौपाड्यातल्या काकांकडे जा

गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं हे झेरॉक्सचं छोटं दुकान. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बार कौन्सिलच्या नियमाने किमान 3 मूट, म्हणजे सरावाचे लुटुपुटूचे खटले, करावेच लागतात, एकेकाला 10 गुण, त्यामुळे इथल्या चकरा ठरलेल्या.

काका वकील नाहीत, पण मेमोरियल, म्हणजे मूटमधला लेखी युक्तिवाद, त्यांना कळतं. गेल्या महिन्यात मी घाईत दोन्ही पक्षांच्या मेमोरियलना निळंच कव्हर सांगितलं, तर पेनड्राइव्ह लावता लावता म्हणाले, “रिस्पॉन्डंटला (प्रतिवादीला) लाल लागतं ना गं?” वाचले! आमची टीम दुसरी आली, त्यात थोडा वाटा त्यांचाही.

तक्रार एकच, पण खरी. स्पायरलची भोकं फार आत पाडतात. आमचं मूट मराठीत होतं. पान 14 वर ‘अपीलकर्ता’चा ‘अ’च उडाला आणि उरला ‘पीलकर्ता’. जजसाहेब चष्मा काढून हसले. डावा समास दीड इंच ठेवा.

आणि हो, 26 नोव्हेंबरच्या संविधान दिनाची पोस्टरं, प्रमाणपत्रं आत्ताच तिथे ढिगाने पडलीत. आदल्या दिवशी जाल तर रांगेतच रात्र होईल. यूपीआय चालतं, सुट्टे मात्र मागू नका, काका चिडतात.