राइट, स्लाफकोव्स्की की कूली? पहिली निवड कुणावर खर्चायची

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टमध्ये दर उन्हाळ्यात तेच भांडण नव्या नावांनी होतं. तयार सेंटर (मधला आक्रमक) घ्यायचा, धिप्पाड विंगर (कडेचा आक्रमक) घ्यायचा, की लहानखुरा पण वाऱ्यासारखा पळणारा पोरगा? २०२२ साली हे तिन्ही नमुने (अनुक्रमे शेन राइट, युराय स्लाफकोव्स्की आणि लोगन कूली) एकदम समोर आले आणि पहिलं नाव घेण्याचा मान होता मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडे. पुढच्या वेळी तुमचा आवडता संघ तळाला गेला, किंवा ऑफिसच्या हॉकी पूलमध्ये, म्हणजे खेळाडू वाटून घेऊन त्यांचे आकडे मोजायच्या खेळात, पहिलं नाव सांगायची पाळी तुमच्यावर आली (टोरंटो-मिसिसागाकडच्या मराठी मंडळींना हे प्रकरण चांगलंच ठाऊक आहे), तर तुलनेला याहून चांगलं वर्ष सापडणार नाही. माझा कौल आधीच सांगून टाकतो: मी लोगन कूलीला घेतलं असतं. युराय स्लाफकोव्स्कीला घेणं चूक नव्हतं. शेन राइटला पहिल्या क्रमांकावर घेण्याचं कारण मात्र मला कधीच पटलं नाही.

आधी मॉन्ट्रियलची परिस्थिती. २०२१च्या उन्हाळ्यात हा संघ स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत टॅम्पा बेकडून हरला आणि पुढच्याच मोसमात ८२ सामन्यांत ५५ गुण मिळवून लीगमध्ये शेवटचा आला. जेफ गॉर्टन आणि केंट ह्यूज हे नवे कारभारी आले, मार्टिन सेंट लुई प्रशिक्षक झाले. तळाला गेलं म्हणून पहिली निवड आपोआप पदरात पडत नाही. लॉटरीत शेवटच्या संघाची शक्यता २५.५ टक्केच असते. मॉन्ट्रियलचं नशीब फळलं, आणि ड्राफ्टही त्यांच्याच बेल सेंटरमध्ये, ७ जुलैला. घरचे प्रेक्षक राइटच्या नावासाठी घसा कोरडा करत होते. मॉन्ट्रियलनं मात्र स्लाफकोव्स्कीचं नाव घेतलं; कूली ॲरिझोनाकडे गेला आणि राइट चौथ्या क्रमांकावर सिअॅटलकडे.

राइट ओंटारियोतल्या बर्लिंग्टनचा. ओंटारियो हॉकी लीग या कॅनडातल्या ज्युनियर लीगनं त्याला ‘अपवादात्मक खेळाडू’ ठरवून एक वर्ष आधीच प्रवेश दिला. त्याच्याआधी या लीगनं ही मुभा जॉन टॅव्हारेस, एरन एकब्लॅड, शॉन डे आणि कॉनर मॅक्डेव्हिड या चौघांनाच दिली होती. यातले तिघं पुढे ड्राफ्टमध्ये पहिले आले, शॉन डे ८१वा. म्हणजे पंधराव्या वर्षी गळ्यात घातलेल्या हारावर किती भरवसा ठेवायचा ते बघा. पहिल्या मोसमात राइटनं किंग्स्टन फ्रंटेनॅक्सकडून ५८ सामन्यांत ३९ गोल मारले. मग कोविड आला आणि त्याच्या लीगचा २०२०-२१चा मोसम रद्दच झाला. मधल्या काळात टेक्सासमधल्या १८ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत तो कॅनडाचा कर्णधार होता. पाच सामन्यांत १४ पॉइंट्स (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलासाठीचे पास, मिळून) आणि सुवर्णपदक. ड्राफ्टच्या वर्षी ६३ सामन्यांत ९४ पॉइंट्स.

आकडे चांगलेच आहेत. अडचण दुसरीकडे आहे. राइट जागा अचूक धरतो, बचावाला खाली उतरतो, डावीकडून त्याचा फटका मनगटातून झटकन सुटतो, आणि हे सगळं तो पंधराव्या वर्षीही करत होता. तीन वर्षांत नवं काय आलं, हे सामने पाहून सांगता येत नव्हतं. एक मोसम बुडाला हे मान्य, त्यात पोराचा दोष नाही. पण ड्राफ्टमध्ये तुम्ही अठराव्या वर्षीचा खेळाडू विकत घेत नसता. चोविसाव्या वर्षीच्या खेळाडूचा अंदाज विकत घेता. संघाचा हक्क साधारण सात मोसम किंवा वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत राहतो. ‘तो आत्ताच तयार आहे’ या गुणामुळे त्या सातांतलं फार तर एक वर्ष वाचतं. त्या एका वर्षासाठी उरलेल्या सहांची कमाल मर्यादा कमी करून घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

स्लाफकोव्स्कीचं अगदी उलट. स्लोव्हाकियातल्या कोशित्सेचा हा पोरगा सहा फूट चार इंच, फिनलंडच्या लीगमध्ये तुर्कूच्या टीपीएस संघाकडून मोठ्या माणसांत खेळणारा. तिथे ३१ सामन्यांत पाच गोल आणि पाच असिस्ट. मग फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिक. अठरा पूर्ण व्हायला अजून महिना होता आणि यानं सात सामन्यांत सात गोल मारले, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि स्लोव्हाकियाला आइस हॉकीतलं पहिलं ऑलिंपिक पदक, कांस्य, मिळालं.

इथे थोडं थांबून विचार करायला हवा, कारण निर्णय घेणारे सगळ्यात जास्त इथेच घसरतात. ३१ सामन्यांत पाच गोल करणारा खरा, की सात सामन्यांत सात करणारा? त्या ऑलिंपिकला नॅशनल हॉकी लीगचे खेळाडू आले नव्हते, आणि सात सामन्यांत पक (बर्फावरची रबरी चकती) कुणाचंही ऐकतो. माझ्या हिशेबी त्या सात गोलांपेक्षा मे महिन्यातली जागतिक स्पर्धा मोलाची. तिथे मोठ्या लीगचे खेळाडू होते आणि याचे आठ सामन्यांत नऊ पॉइंट्स, त्यातले सहा असिस्ट. भिंतीला लागून खेळताना त्याला जरा निरखून बघा. पाठ प्रतिस्पर्ध्याकडे, कंबर बाहेर काढलेली, एक हात काठीवर आणि पक लांब, जिथे समोरच्याची काठी पोचत नाही. दोघं अंगावर आले तरी पक सुटत नाही, आणि तिसरा आला की मोकळ्या झालेल्या सोबत्याकडे पास जातो. ही ताकद आणि लांबी कुठला प्रशिक्षक शिकवणार? उणीव होती ती निर्णयाच्या वेगाची. बर्फ लहान झाला की (उत्तर अमेरिकेतला रिंक युरोपातल्या जुन्या मापाच्या रिंकपेक्षा अरुंद असतो) विचार करायला मिळणारा वेळ निम्म्यावर येतो.

कूलीबद्दल त्या वेळी सगळ्यात कमी बोललं गेलं. पिट्सबर्गजवळच्या वेस्ट मिफ्लिनचा. पिट्सबर्गचा तारा सिडनी क्रॉस्बी याच्या नावानं लहान मुलांना स्केटिंग शिकवणारा जो उपक्रम तिथे सुरू झाला, त्यातून पुढे आलेला. पाच फूट दहा इंचांचा सेंटर. अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास संघाकडून ५१ सामन्यांत ७५ पॉइंट्स. त्याचं वैशिष्ट्य सरळ धावण्यातल्या वेगापेक्षा वळण्यात आहे: दोन्ही टाचा एकमेकींकडे करून तो कडेकडेनं सरकतो, बचावपटूला वाटतं आता आत येणार, आणि पाय न उचलता गडी बाहेरून निघून जातो. पक गमावल्यावरच्या पाच सेकंदांत तो काय करतो तेही बघा. बहुतेक वेळा पाठलाग करून परत हिसकावतो. खेळाबद्दल शंका एकच, अंगकाठीची. आणि दुसरी, जी खेळाशी संबंधित नाही: तो कॉलेजात जाणार होता. कॉलेजमधला खेळाडू संघाला कधी येऊन मिळायचं ते स्वतः ठरवतो. कूलीनं आधी मिनेसोटा विद्यापीठात आणखी एक वर्ष राहणार असं सांगितलं आणि मग २०२३च्या जुलैत ॲरिझोनाशी करार करून टाकला. शेवट गोड झाला, पण मधले आठवडे कारभाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो.

ज्युनियर लीग, युरोप आणि कॉलेज या मार्गांचा फरक खेळाडूच्या गुणांइतकाच महत्त्वाचा आहे आणि पूलमधली मंडळी तो हमखास विसरतात. कॅनडातल्या ज्युनियर लीगमधून घेतलेल्या मुलाला वीस वर्षांचा होईपर्यंत सहसा अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीत, खेळवता येत नसे. एक तर मोठ्या लीगमध्ये बाकावर बसवा, नाही तर परत ज्युनियरमध्ये धाडा. राइटचं पहिलं वर्ष यातच गेलं: सिअॅटलकडून आठ सामने, त्यांच्या दुसऱ्या फळीच्या संघात कोचेला व्हॅलीत थोडे दिवस, ज्युनियर जागतिक स्पर्धेत कर्णधार म्हणून सुवर्ण, पुन्हा किंग्स्टन, तिथून विंडसर. एवढ्या बॅगा भरत कुठला पोरगा लयीत येईल? पुढच्या वर्षी खास सवलत मिळाल्यावर तो कोचेला व्हॅलीत ५९ सामने एका जागी खेळला आणि खेळ बसला. युरोपातून आलेल्या स्लाफकोव्स्कीला ही आडकाठी नव्हती. मॉन्ट्रियल त्याला पहिल्याच वर्षी लावालला, आपल्या दुसऱ्या फळीच्या संघात, पाठवू शकत होतं. त्यांनी पाठवलं नाही. ३९ सामन्यांत दहा पॉइंट्स आणि मग गुडघ्याच्या दुखापतीनं मोसम संपला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या निर्णयांतला हा सर्वांत कच्चा निर्णय होता, निवडीपेक्षाही.

नियम आता सैल होत आहेत. २०२६-२७पासून प्रत्येक संघाला ज्युनियरमधला १९ वर्षांचा एक खेळाडू दुसऱ्या फळीत ठेवता येईल, आणि कॅनडातल्या ज्युनियर खेळाडूंना अमेरिकन कॉलेजांचे दरवाजेही उघडले आहेत. गॅव्हिन मकेना मेडिसिन हॅटचा ज्युनियर संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला तो त्यामुळेच.

‘आपल्याला सेंटर हवा, म्हणून सेंटर घ्या’ हा युक्तिवाद मॉन्ट्रियलमध्ये त्या वर्षी जोरात होता, आणि दुधानं तोंड पोळल्याची आठवणही त्याच गावाची. २०१८ साली त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर येस्पेरी कोत्कानिएमी घेतला, कारण सेंटरची टंचाई होती. चौथ्या क्रमांकावर ओटावानं ब्रॅडी टकाचक नेला. टकाचक ओटावाचा कर्णधार झाला; कोत्कानिएमीला तीन वर्षांत कॅरोलायनानं घसघशीत प्रस्ताव देऊन उचललं. आजची गरज बघून अठरा वर्षांचा मुलगा घेऊ नये, कारण तो तयार होईपर्यंत गरजच बदललेली असते. २०२२ला ह्यूजनी ही गोष्ट दुसऱ्या वाटेनं सोडवली. पहिल्या क्रमांकावर विंगर घेतला आणि त्याच संध्याकाळी बचावपटू अलेक्झांडर रोमानोव्ह देऊन, मिळालेली तेरावी निवड पुढे सरकवून, शिकागोकडून कर्बी डाक हा सेंटर आणला. डाकच्या गुडघ्यांनी पुढे साथ दिली नाही हा भाग वेगळा.

तरीही ‘सेंटर’ हा शब्द पूर्ण विसरू नका. विंगर चुकला तर विंगर राहतो. सेंटर थोडा कमी पडला तर विंगला हलवता येतो. उलटं क्वचित जमतं. २०१९चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. न्यू जर्सीपुढे लहानखुरा सेंटर जॅक ह्यूज आणि धिप्पाड विंगर काप्पो काक्को होते. काक्कोही तुर्कूच्याच टीपीएसचा, मोठ्यांत खेळलेला, फिनलंडबरोबर जगज्जेता. पहिल्या मोसमात दोघंही चाचपडले: ह्यूज २१ पॉइंट्स, काक्को २३. चौथ्या मोसमात ह्यूजचे ९९ आणि काक्कोचे ४०. मला कूलीकडे ढकलणारा सगळ्यात मोठा दाखला हाच. विरुद्ध दाखला आहे २०१०चा: एडमंटननं सेंटर टायलर सेगिनऐवजी विंगर टेलर हॉल घेतला, आणि हॉलनं २०१८ साली लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी जिंकली. ती मात्र न्यू जर्सीकडून. एडमंटननं तोवर त्याला अदलाबदलीत देऊन टाकलं होतं.

आणि दोनच नावांच्या वादात तिसरं नाव झाकलं जातं. २०१७ला सगळे निको हिशियर की नोलन पॅट्रिक यावर भांडत होते. तिसरा गेला मिरो हाइस्कानेन, चौथा केल मकार.

आता पुढे काय झालं ते. २०२४-२५ अखेर स्लाफकोव्स्कीचे २०० सामन्यांत १११ पॉइंट्स, कूलीचे १५७ सामन्यांत १०९. कूली मधलं एक वर्ष कॉलेजात होता. त्या शेवटच्या मोसमात कूलीचे ६५, स्लाफकोव्स्कीचे ५१, राइटचे ४४. करारही तेच बोलतात: स्लाफकोव्स्की आठ वर्षं, वर्षाला ७६ लाख डॉलर, कूली आठ वर्षं, वर्षाला एक कोटी. पण नुसत्या पॉइंट्सवर मॉन्ट्रियलला फासावर देऊ नका. निक सुझुकी आणि पाच फूट आठ इंचाचा कोल कॉफिल्ड यांच्या ओळीला भिंतीवर पक जिंकून देणारा माणूस हवा होता, आणि तो त्यांना मिळाला. ती अंगमेहनत असिस्टच्या रकान्यात अर्धीच उमटते.

म्हणून तुमच्यापुढे असेच तिघं आले तर: संघात मुख्य ओळीचा सेंटर अजून नसेल, किंवा पूलमध्ये फक्त पॉइंट्स मोजत असाल, तर कूलीसारखा घ्या आणि उंचीची चिंता सोडा. सेंटर आणि गोल मारणारा हे दोघं आधीच असतील, आणि पोराला एक वर्ष दुसऱ्या फळीत ठेवण्याएवढा धीर मालकांपाशी असेल, तर स्लाफकोव्स्कीसारखा. धीर नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. राइटसारख्याला न्यू जर्सी आणि ॲरिझोनानंही सोडलं होतं, तेव्हा ती एकट्या मॉन्ट्रियलची लहर म्हणता येत नाही. सिअॅटलकडे आदल्या वर्षीचा मॅटी बेनियर्स होता, त्यांना घाई नव्हती, आणि चौथ्या क्रमांकावर तसा खेळाडू मीही डोळे झाकून घेतला असता.