पोर्ट्रेटच करायचंय, तर गॅलरी की सांगलीतला स्टुडिओ?

परवा मिरजेचा एक मुलगा पोर्टफोलिओ घेऊन आला. कॅमेरा-लाइटचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. प्रश्न एकच होता, "काका, पोर्ट्रेटच करायचंय. मुंबईच्या गॅलऱ्यांच्या मागं लागू, का इथंच स्टुडिओ टाकू?" मी आधी पाच वर्षं पहिलं केलं, आता नऊ वर्षं दुसरं करतोय. एकट्याचा अनुभव आहे, तेवढं धरून वाचा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. गॅलरीत विक्रीतला निम्मा वाटा गॅलरीचा, हा सर्रास रिवाज. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रिंट आणि फ्रेम मी माझ्या खिशातून केल्या, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर त्या चादरीत गुंडाळून स्वतः पायाशी झोपलो. स्टुडिओत पासपोर्ट फोटोंवर भाडं आणि वीजबिल सुटतं, लग्नसराईत वर्षाची बेगमी होते.

कामाचं समाधान म्हणाल तर गॅलरीचं पारडं जड, हे कबूल करतो. एका चेहऱ्यावर महिनाभर विचार करायची मुभा तिथंच मिळते. स्टुडिओत फोटो स्क्रीनवर आला की पहिलं वाक्य, "जरा गोरं करा की." नऊ वर्षांत या वाक्याची सवय झालेली नाही.

पण स्टुडिओ म्हणजे कला नव्हे, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. थॉमस रुफ या जर्मन फोटोग्राफरनं 1980 च्या दशकात ओळखीच्या लोकांचे अगदी पासपोर्टसारखे फोटो काढले, समोर बघणारे, निर्विकार. पुढं ते दोन मीटर उंच छापले आणि संग्रहालयांत लागले. तिकडं आफ्रिकेतल्या माली देशात सेदू केइता या फोटोग्राफरनं 1948 मध्ये राजधानी बामाकोत स्टुडिओ टाकला. गिऱ्हाईक ठेवणीतले कपडे घालून यायचं आणि 13 बाय 18 सेंटिमीटरची प्रिंट घरी न्यायचं. पॅरिसच्या गॅलऱ्यांत तेच चेहरे मोठे होऊन लागले ते 1990 च्या दशकात. तोवर त्याचा स्टुडिओ बंद होऊन तीसेक वर्षं झाली होती. अर्थात सगळ्यांचं नशीब केइतासारखं नसतं.

माझं गाडं अडलं ते वेगळ्याच जागी. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला एक हमाल होते, भुवयांपर्यंत पिवळे झालेले. त्यांना गोणपाटासमोर उभं करून फोटो काढला. गॅलरीला तो आवडला. करार झाला: 40 बाय 50 इंच, पाच प्रती, दोन कलाकाराच्या, म्हणजे माझ्या, बाकी कोणत्याही मापात पुन्हा छापायचा नाही. प्रती मोजक्या, म्हणून किंमत. हिशेब बरोबरच आहे. भिंतीवर पाटी लागली, "शीर्षकहीन, सांगली". त्यांचं नाव मी दिलं होतं, ते मालिकेत बसत नाही, असं गॅलरीवाले म्हणाले.

दोन प्रती विकल्या गेल्या. मी परत आलो तर ते हमाल काका विचारतात, "पोरीचं लगीन हाय. त्यातला एक फोटू घरात लावाया द्या की." माझ्या वाट्याच्या दोन प्रती होत्या, पण त्यांच्या घरात 40 बाय 50 ला भिंतच नव्हती. आठ बाय दहाची काढून देऊ का, असं गॅलरीला विचारलं. उत्तर अतिशय सभ्य होतं, आणि नकाराचं होतं. काकांना एडिशन म्हणजे काय, प्रती मोजक्याच का, ते समजावताना माझीच जीभ अडखळली. ते म्हणाले, "म्हंजे फोटू माजा, आन् मलाच न्हाई?"

तो करार संपल्यावर दुसरा केला नाही. मुंबईत राहिलो असतो तर कदाचित निबर झालो असतो, सांगता येत नाही. आणि 2019 चा पूर ओसरल्यावर माझ्या दुकानाबाहेर लोक काय घेऊन उभे होते ते पाहिल्यापासून तर मी निःपक्षपाती उरलेलोच नाही. चिखलात एकमेकांना चिकटलेले फोटो. "बाकी जाऊ द्या, आईचा तेवढा वाचवा."

त्या मुलाला मी स्टुडिओ टाक असं छातीठोकपणे सांगितलं नाही. त्याचा हात चांगला आहे, गॅलरी त्याला मानवेलही. एवढंच म्हणालो, की पहिल्याच करारात समोर बसणाऱ्यासाठी एक छोटी प्रत लिहून घे, नंतर कुणी देत नाही.

काकांना मी त्याच रोलमधली दुसरी फ्रेम दिली, हसतानाची. गॅलरीनं ती हसताहेत म्हणूनच बाजूला काढली होती. आता ती त्यांच्या घरी घड्याळाखाली आहे.