बुजरा बॉल पायथन उचलताना: हुक की हातमोजे?

मान आक्रसून बॉल पायथन (घरी पाळला जाणारा बिनविषारी आफ्रिकी अजगर) फुसकारायला लागला की नवखा माणूस आधी जाड चामडी हातमोजे चढवतो. भीती जाते खरी, पण पकडीचा अंदाजही जातो. साप गरजेपेक्षा जास्त दाबला जातो आणि दाबला की उलटतो. मोज्यांना उंदराचा वास लागला असेल तर विचारूच नका.

हुक, म्हणजे साप उचलायचा वाकड्या टोकाचा दांडा, केव्हाही बरा. पेटीचं झाकण उघडल्यावर हुकाची वाकडी बाजू सापाच्या अंगाच्या मध्यावर हलकेच दोन-तीनदा फिरवायची, डोक्याजवळ न्यायची नाही. दर वेळी असंच केलं की हुक लागला म्हणजे आता खाणं नाही, हे त्याला कळू लागतं. मग अंगाच्या पुढच्या एक-तृतीयांश भागाखाली हुक घालायचा आणि मागचं वजन लगेच दुसऱ्या तळहातावर घ्यायचं. एवढा जाडजूड साप नुसत्या हुकावर लोंबकळला तर बरगड्यांवर ताण येतो. हुकाने मान दाबणं मुळीच नको. एका वेळी पाच मिनिटं पुरेत. खाल्ल्यावर ४८ तास आणि कातीआधी डोळे दुधाळ झाले असताना हात लावू नये.

मोजे फक्त चावऱ्या सापाला डॉक्टरकडे नेण्यापुरते.

कोल्हापूरच्या पौषातल्या गारठ्यात पेटीची उबदार बाजू ३१-३२ अंशांवर हवी, दोन्ही बाजूंना अंग घासेल एवढी तंग लपायची जागा हवी. ती नसेल तर हुकही उपयोगाचा नाही.

आपल्याकडचे धामण, नाग, अजगर पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परदेशी बॉल पायथनचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.