छत्री आणि वाळू : कोल्हापुरात तयार झालेला एक युद्धाचा पटखेळ

कोल्हापुरातील दोन तरुण अभियंत्यांनी दुसऱ्या महायुद्धातील, फ्रान्सच्या किनाऱ्यावर झालेल्या नॉर्मंडीच्या चढाईवर मराठीतून एक पटखेळ तयार केला आहे. त्याच्या चाचणी-आवृत्तीचे मोजकेच खोके त्यांनी ओळखीपाळखीत विकले. त्यांपैकी एक मी १,८०० रुपये देऊन घेतला आणि गेल्या दोन महिन्यांत सात वेळा मांडला. खेळाचे नाव अजून पक्के झालेले नसल्यामुळे ते येथे देता येत नाही. सोंगट्या शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात लेसरने कापून घेतल्या आहेत आणि नियमपुस्तिका चक्क वाचता येईल अशा मराठीत आहे, एवढे आरंभी सांगितले म्हणजे मुख्य मुद्द्याकडे वळता येईल.

या खेळात दोन्ही खेळाडू दोस्त राष्ट्रांच्या बाजूचे असतात. पटाच्या दोन अर्ध्या भागांपैकी एकावर ओमाहा किनारा आहे, तर दुसऱ्यावर यूटा किनाऱ्यामागचा (ही दोन्ही अमेरिकी सैन्य उतरले त्या किनाऱ्यांची सांकेतिक नावे), नद्यांनी आणि उंच झुडपी बांधांनी चिरलेला कोतांतां द्वीपकल्पाचा प्रदेश. एकाने होड्यांतून पायदळ उतरवायचे, दुसऱ्याने विमानांतून छत्रीसैनिक सोडायचे; जर्मनांची बाजू पत्त्यांच्या गड्डीनेच चालते. बारा डावांअखेर, म्हणजे ६ जून १९४४ ची रात्र झाल्यावर, ज्याची माणसे अधिक उरली आणि ज्याची उद्दिष्टे अधिक साधली तो जिंकला. थोडक्यात, ‘किनाऱ्यावर उतरणाऱ्याला की छत्रीसैनिकाला, अधिक धोका कोणाला?’ हा जुना वाद या खेळाने गुणांच्या तक्त्यात बसवला आहे, आणि माझी प्रशंसा व तक्रार या दोन्हींचे मूळ तेथेच आहे.

किनाऱ्याचा भाग मला अतिशय आवडला. त्याच्या कडेला भरतीची एक निळी कागदी पट्टी असून दर दुसऱ्या डावाला ती वाळूवर पुढे सरकवावी लागते. ही कल्पना साधी असली तरी इतिहासाला धरून आहे. किनाऱ्यावरचे अडथळे आणि त्यांना बांधलेले सुरुंग दिसावेत म्हणून चढाईसाठी ओहोटीची वेळ निवडली गेली होती. परिणामी होडीचा रॅम्प, म्हणजे पुढचे खाली पडणारे दार, पडल्यावर सैनिकासमोर सुमारे तीनशे मीटर उघडी वाळू उरली आणि पाठीमागून पाणी चढू लागले. खेळात अडथळ्याआड निजलेली सोंगटी एक-दोन डाव सुरक्षित राहते, परंतु पट्टी तिच्यापर्यंत आली की उठून मशीनगनसमोर धावणे किंवा पाण्याखाली जाणे एवढेच पर्याय उरतात. त्या सकाळी कित्येक जखमी नेमके असेच बुडाले. गोळीने मेलेल्यांत आणि पाण्याने मेलेल्यांत हा खेळ भेद करतो, ही त्याची समज मला मोठी वाटली.

होडीच्या सोंगटीला बिजागरी लावून खराच उघडणारा रॅम्प दिला आहे. तो उघडताना माझ्या पुतण्याने प्रत्येक वेळी नकळत श्वास रोखला, यातच त्या तुकड्याचे यश आले. सुमारे तीस माणसे एका अरुंद दाराशी रांगेत उभी आहेत, रात्रभराच्या हेलकाव्यांनी त्यांना उलट्या झालेल्या आहेत, अंगावर तीसेक किलोचे ओझे आहे आणि ते दार उघडण्याची वेळ त्यांच्या हातात नाही. ओमाहावर अमेरिकेच्या ११६व्या रेजिमेंटच्या ए कंपनीचे हेच झाले. पहिल्या काही मिनिटांतच ती लढण्याच्या अवस्थेत उरली नाही. व्हर्जिनियातील बेडफर्ड या छोट्या गावाची मुले त्याच कंपनीत होती. खेळात ‘तरंगते रणगाडे’ नावाचा एक पत्ता आहे आणि तो बहुतेक वेळा निष्फळ ठरतो. पुतण्याला ही लबाडी वाटली. परंतु कापडी पडद्यांच्या आधारे तरंगत येण्यासाठी ओमाहासमोर पाण्यात सोडलेल्या ७४१व्या बटालियनच्या २९ रणगाड्यांपैकी २७ बुडाले होते, त्यामुळे पत्ता बनवणाऱ्याने उलट औदार्यच दाखवले आहे. फुगवायचा जीवपट्टा काखेखाली बांधण्याऐवजी कमरेला बांधल्यामुळे माणूस वरच्या ओझ्याने उलटा होऊन बुडत असे, हा बारकावाही एका पत्त्यावर आला आहे.

आता आकाशाकडे वळू. छत्रीसैनिक सोडण्यासाठी खोक्यात भोके पाडलेली एक पत्र्याची तबकडी दिली आहे. सोंगट्या तिच्यात ठेवून ती पटावर वीतभर उंच धरायची आणि हलवायची. जी जेथे पडेल तेथे उतरली. ढगाचा पत्ता निघाला तर तबकडी डोळे मिटून धरायची, विमानविरोधी तोफांचा निघाला तर ती धरून पटावरून झपाट्याने हात फिरवायचा. त्या रात्रीचे याहून नेमके यांत्रिक रूप मला सुचले नसते. कोतांतांवर विमाने ढगांच्या पट्ट्यात शिरली, त्यांच्या रांगा विस्कटल्या, खालून तोफा सुरू झाल्यावर अनेक वैमानिकांनी वेग वाढवला, आणि ठरल्यापेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या विमानातून उडी घेतल्याचा पहिला परिणाम असा झाला की पायाला बांधलेल्या पिशव्या हिसक्याने तुटून गेल्या. त्यात मशीनगनचे भाग होते, दारूगोळा होता, रेडिओ होते. माणूस जमिनीवर पोहोचला तो अंधारात, एकटा आणि बऱ्याचदा निम्म्या शस्त्रांनिशी. अंधारात ओळख पटवण्यासाठी अमेरिकेच्या १०१व्या हवाई डिव्हिजनच्या सैनिकांना टिकटिक वाजणारे एक पितळी खेळणे दिले होते. एकदा वाजवले तर समोरून दोनदा उत्तर यायचे. निर्मात्यांनी त्याच्या जागी जोतिबाच्या यात्रेत मिळतो तसला पत्र्याचा बेडूक खोक्यात घातला आहे. दोन सोंगट्या शेजारी आल्या की बेडूक वाजवायचा, अशी गंमत आहे. घरातील लहान मुलांनी तो पहिल्याच दिवशी पळवला, ही गोष्ट वेगळी.

इतके चांगले जमवून आणल्यावर याच भागात खेळ दोन ठिकाणी घसरतो. नियम असा आहे की पटाबाहेर पडलेली सोंगटी खेळाडूने हातात परत घ्यावी आणि पुढच्या डावी पुन्हा सोडावी. चौथ्यांदा खेळ मांडला तेव्हा आमच्या शेजारचे, सैनिक टाकळीचे मूळ रहिवासी असलेले निवृत्त सुभेदार खेळ पाहायला बसले होते. पॅराशूट रेजिमेंटमध्ये त्यांची नोकरी झाली आहे. ते म्हणाले, “मास्तर, विमानातून बाहेर पडलेला गडी परत विमानात जात नाही. तुमचा मात्र हातात परत येतोय.” त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, दिवसाउजेडी, ओळखीच्या डीझेडवर, म्हणजे उतरण्याच्या मैदानावर, आणि शत्रू नसतानाही अख्खी कंपनी एका जागी गोळा व्हायला बराच वेळ लागतो. नॉर्मंडीत ठरलेल्या जागेपासून मैलोगणती दूर पडलेले सैनिक दिवसेंदिवस भटकले, पकडले गेले किंवा कोठे मेले हेही लवकर कळले नाही. परत घेतलेली सोंगटी म्हणजे छत्रीसैनिकाच्या खास धोक्याचा, एकटे पडण्याचा, खेळातून झालेला लोपच होय.

दुसरी चूक पाण्याची आहे. किनाऱ्यावर पाणी इतक्या काळजीने हाताळणाऱ्या या निर्मात्यांनी मेरदेरे आणि दूव्ह या नद्यांकाठची पूरग्रस्त शेते नुसती ‘संथ जमीन’ म्हणून रंगवली आहेत आणि तेथे पडलेल्या सोंगटीचा फक्त एक डाव वाया जातो. जर्मनांनी या नद्यांचे पाणी मुद्दाम शेतांत पसरवले होते, आणि वर उगवलेल्या गवतामुळे हवाई छायाचित्रांत ते नीट दिसलेही नव्हते. खोली पुष्कळ ठिकाणी कमरेएवढीच होती, परंतु चाळीसेक किलोच्या बोजासह पालथा पडलेला आणि छत्रीच्या दोऱ्यांत गुंतलेला माणूस तेवढ्यातही बुडतो. अमेरिकी छत्रीचा पट्टा बकलांचा होता आणि ती सोडवायला वेळ लागे. ब्रिटिश पट्टा एका फटक्यात सुटत असे. मात्र ब्रिटिशांजवळ पाठीवरची छत्री उघडली नाही तर पोटावरची दुसरी नव्हती. एवढे पत्ते छापले, तेथे या फरकाचे दोन पत्ते सहज मावले असते.

खरी तक्रार गुणतक्त्याबद्दल आहे. दिवसाअखेर मोजणी करायची तर आकडे काय सांगतात? ओमाहावर त्या दिवशी सुमारे ३४,००० सैनिक उतरले आणि मृत, जखमी व बेपत्ता मिळून हानी साधारण २,४०० मानली जाते. यूटावर वीस हजारांहून अधिक उतरले आणि हानी दोनशेच्या आसपास झाली. अमेरिकी हवाई सैन्य छत्र्या आणि ग्लायडर (बिनइंजिनाची विमाने) मिळून सुमारे १५,५०० होते, आणि त्यांची हानी २,५०० च्या घरात जाते. म्हणजे ओमाहावर चौदांत एक, यूटावर शंभरांत एक आणि आकाशातून आलेल्यांत सहांत एक. पण हवाई सैन्याच्या आकड्यातले बरेच ‘बेपत्ता’ पुढे जिवंत परत आले, तर ओमाहाच्या सरासरीत दुपारी निवांत उतरलेलेही मोजले जातात आणि पहिल्या तासाचा संहार त्यांत विरून जातो. एका दिवसाच्या तराजूवर ही दोन माणसे ठेवताच येत नाहीत, आणि खेळ नेमके तेच करायला लावतो.

किनाऱ्यावरच्या सैनिकाचा धोका आरंभीच्या काही तासांत आणि काही शे मीटरांत दाटलेला होता; त्यातून तो तरला की त्याच्या पाठीशी जहाजांच्या तोफा, मागून येणारी माणसे आणि जखमींना परत नेणाऱ्या होड्या होत्या. छत्रीसैनिकाच्या पाठीशी काहीच नव्हते. त्याच्याजवळ रणगाड्याला अडवण्याजोगे शस्त्र थोडे, दारूगोळा अंगावर मावेल तेवढाच, आणि जखमी झाला तर एखाद्या शेतघरात पडून राहायचे, मग तेथे आधी कोण पोहोचते ते नशीब. त्याला काही दिवसांत मागे घेण्याची कल्पना होती; प्रत्यक्षात अमेरिकेची ८२वी हवाई डिव्हिजन ३३ दिवस लढत राहिली आणि तिची हानी पाच हजारांच्या वर गेली. चढाईपूर्वी दोस्तांच्या हवाई दलांचे प्रमुख एअर चीफ मार्शल ली-मॅलरी यांनी निम्मे छत्रीसैनिक जमिनीवर पोहोचण्याआधीच किंवा पोहोचताच निकामी होतील अशी भीती सरसेनापती आयझेनहॉवरांना कळवली होती. त्यांचा अंदाज ६ जूनला खोटा ठरला. महिनाभराचा हिशेब पाहिला तर तो माणूस अगदीच वेडा नव्हता असे मला वाटते. बारा डावांनंतर आणखी दहा डावांचा, तुटपुंज्या दारूगोळ्याचा असा एक उत्तरार्ध जोडला तर छत्रीसैनिकांचा खेळाडू इतक्या सहज जिंकणार नाही. आमच्या सातपैकी पाच वेळा तोच जिंकला.

खोक्यासोबत बांगलादेश युद्धातल्या टांगाईलचा एक जोडपट मिळतो आणि कोल्हापूरकर त्यावर आधी उडी घालतील, हे उघड आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ उतरून पुंगलीचा पूल ताब्यात घेणारी बटालियन म्हणजे दुसरी पॅरा, मूळची मराठ्यांची. जमिनीवरून येणारी पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री दिवसाभरातच त्यांना येऊन मिळाली आणि गावकऱ्यांनी सामान वाहून दिले. पाठीमागून येणारे वेळेवर पोहोचले की हाच धोका किती आटोक्यात राहतो, ते या जोडपटावर छान कळते. त्याच युद्धात कॉक्स बाजारजवळच्या किनाऱ्यावर उतरताना जहाजे वाळूच्या दांड्याला लागली आणि खोल पाण्यात उतरलेले काही जवान बुडाले. हा प्रसंग मात्र निर्मात्यांनी घेतलेला नाही. तो घेतला असता तर आपल्याच सैन्यातली ही जोडी समोरासमोर आली असती.

आणखी एक सुचवावेसे वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहिले, त्यांचा स्मृतिस्तंभ आपल्या महावीर उद्यानात आहे. सोसाबोव्स्की यांची पोलिश छत्रीधारी ब्रिगेड २१ सप्टेंबर १९४४ रोजी नेदरलँड्समधील आर्नहेमजवळ ड्रील येथे शत्रूच्या माऱ्यात उतरली आणि मग तिला रबरी होड्यांतून ऱ्हाइन ओलांडण्याचा प्रयत्न करावा लागला. छत्री आणि होडी, दोन्ही धोके एकाच तुकडीच्या वाट्याला आलेला हा प्रसंग कोल्हापुरात बनलेल्या खेळात हवाच.

बांधणीबद्दल थोडक्यात: सोंगट्या टणक, पत्ते बरे, पट मात्र साध्या पुठ्ठ्याचा असल्याने जुलैच्या पावसात कडांनी वाकला, लॅमिनेशन करून घ्यावे. नियम समजायला एक संध्याकाळ आणि एक खेळ पूर्ण व्हायला अडीच तास लागतात. चौदा वर्षांखालील मुलांना तो जड जाईल. पटाबाहेरच्या सोंगट्यांचा नियम आम्ही घरीच बदलला आहे. बाहेर पडलेली सोंगटी फासा सहा दाखवीपर्यंत बाजूला ठेवतो, आणि तेवढ्याने खेळ पुष्कळ सुधारतो. एवढी दुरुस्ती करून घ्यायची तयारी असेल तर १,८०० रुपये योग्य आहेत.

खोक्यावर तीस छत्रीसैनिक लिहिले आहेत, माझ्यात एकोणतीस निघाले. मी पुन्हा पुन्हा मोजत होतो तेव्हा सुभेदार म्हणाले, “शोधू नका मास्तर, एक गेला असंल नदीत.” निर्मात्यांना फोन केला, तर त्यांतला एक दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन दोन सोंगट्या देऊन गेला.