रेझिस्टन्स बँड आणि ग्रिप मीटर: मोडलेल्या हातावर सात-आठ महिने वापरून

आधीच सांगते, हा रिव्ह्यू जिमवाल्यांसाठी नाहीये. माझ्या उजव्या हाताची कोपर आणि मनगटाच्या मधली दोन्ही हाडं मोडली होती, रेडियस पण आणि अल्ना पण, आत प्लेटा नि स्क्रू आहेत, आणि परत बॅडमिंटन खेळायचं एवढ्या एकाच हट्टापायी हा रेझिस्टन्स बँडचा, म्हणजे व्यायामाला ताणायच्या रबरी पट्ट्यांचा सेट आणि मुठीची ताकद किलोत मोजणारा एक डिजिटल ग्रिप मीटर घेतला. आता सात-आठ महिने होत आले, जवळपास रोज हातात असतात दोन्ही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, असले सेट बरेच जण विकतात.

सेटमध्ये पाच सपाट बँड, पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा, या चढत्या क्रमाने. हा क्रम बऱ्याच ठिकाणी असाच असतो पण सगळीकडे नाही, त्यामुळे मध्येच दुसरा सेट आणला तर रंगावर जाऊ नका. साधारण अंदाज द्यायचा तर पिवळा दुप्पट लांब ताणला की सव्वा किलोच्या आसपास ओढ, काळा तीन-सव्वातीन किलो. एवढंच? असं वाटतं वाचताना. पण ऑपरेशननंतर हात इतका सुकलेला असतो की पिवळ्यानेच थरथर सुटते. सोबत आलेली हँडल पहिले दोन महिने तरी बाजूलाच पडली होती, कारण मुळात मूठच घट्ट वळत नव्हती, बँड तळव्याभोवती दोन वेढे घालून ओढायचे ते जास्त सोपं.

एक गोष्ट फिजिओने सांगितली ती पटायला वेळ लागला. मोडक्या हाताला जोर लावायची परवानगी नव्हती तेव्हापासून चांगल्या हाताने बँड ओढायला लावले. एका हाताचा व्यायाम केला की बांधून ठेवलेल्या दुसऱ्या हाताची ताकद जरा कमी घटते, क्रॉस एज्युकेशन म्हणतात याला, स्नायूंपेक्षा मेंदू आणि नसांचा खेळ आहे तो. म्हणजे सेट घ्यायचाच असेल तर हात मोकळा व्हायची वाट बघायची गरज नाही, हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं.

खांदा, दंड, मनगट वर-खाली, या सगळ्याला बँड मस्त. खांदा तर हमखास दुर्लक्षित राहतो, इतके दिवस झोळीत हात ठेवल्यावर तोही आखडतो हे कुणी आधी सांगत नाही. पण माझी खरी अडचण वेगळी होती. तळवा वर-खाली फिरवतो तेव्हा रेडियस अल्नाभोवती फिरतं, आणि दोन्ही हाडं मोडली की सगळ्यात आधी हेच फिरणं अडतं. आणि बॅडमिंटनचा स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरात मारलेला फटका, बघायला गेलं तर बराचसा याच फिरण्यावर आहे, नुसत्या खांद्यावर नाही. इथे बँड जवळजवळ निकामी. कसाही बांधा, तो एका रेषेत ओढतो, शिवाय जितका ताणाल तितका कडक होतो, म्हणजे सुरुवातीला काहीच जोर लागत नाही आणि शेवटच्या टोकाला, जिथे हात आधीच अडकतोय, तिथे सगळा भार. माझं काम केलं घरातल्या साध्या हातोडीने. कोपर टेबलावर टेकवून हातोडी उभी धरायची, सावकाश एका बाजूला झुकवायची, परत आणायची, मग दुसऱ्या बाजूला. मूठ दांड्यावर जितकी खाली सरकवाल तितकं जड, फुकटात वजन वाढतं. सेटच्या माहितीपत्रकात 'फोरआर्म रोटेशन' म्हणून जे चित्र दिलंय ते करून बघा, मनगटच वाकतं फक्त.

ग्रिप मीटरबद्दल मात्र माझं मत एकदम चांगलं झालंय. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागातच असतात, त्यामुळे मुठीचा आकडा म्हणजे त्या सगळ्या भागाची खबर. फक्त पद्धत ठरलेली हवी, बसून, दंड अंगाला लागून, कोपर काटकोनात, अंगठा वरच्या बाजूला, तीनदा दाबून सरासरी, दोन्ही हातांची. रोज मोजू नका, वेड लागतं, आठवड्यातून एकदा पुरे. चांगल्या हाताच्या नव्वद टक्क्यांना पोचलं की खेळाचं बोलू असं साधारण धरतात, पण उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळात डाव्यापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास जास्त असतो, म्हणजे माझ्यासारखीचा उजवा मोडला असेल तर डाव्याच्या बरोबरीला येऊनही थोडं बाकीच. आणि हा आकडा हाडाबद्दल काही सांगत नाही, ते एक्स-रे बघून डॉक्टरच सांगणार. प्लेट घट्ट बसवलेली असली की नवीन हाडाचा गोळा फारसा दिसत नाही, फटीची रेघ हळूहळू पुसट होते, त्यामुळे घरी फोटो बघून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

कोर्टवर जाताना कळलं की ताकद आणि हादरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॅकेट जेमतेम ऐंशी-नव्वद ग्रॅमची, तिचं काहीच नाही, भीती पडण्याची, हात टेकण्याची. बँड हादरा देतच नाही. त्यासाठी भिंतीवर पुशअप, मग टेबलावर, मग जमिनीवर, आणि भिंतीवर बॉल मारून झेलणं. खेळात आधी नेटजवळचा हळू खेळ, मग क्लिअर, म्हणजे उंच मागे टोलवणं, स्मॅश सगळ्यात शेवटी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं उरलं असेल तर एक पायरी मागे. सध्या डबल्स खेळते, स्मॅश मारते पण पूर्वीचा नाही अजून, बॅकहँड तर विचारूच नका.

टिकाऊपणा ठीकठाक. लाल बँड दाराच्या अँकरपाशी, म्हणजे बँड दारात अडकवायच्या पट्ट्यापाशी फाटला, सुदैवाने तोंडावर नाही आला. ताणण्याआधी उजेडात धरून बारीक चिरा बघत जा, उन्हात आणि घामट ठेवू नका, आणि अँकर बिजागरीच्या बाजूला लावा. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर लेटेक्स नसलेला मागा. पाचपैकी बँडला साडेतीन, मीटरला साडेचार. मीटर घेताना एवढं विचाराच की कमीत कमी किती किलोपासून आकडा दाखवतो, कारण माझा पाच किलोच्या खाली सरळ शून्य दाखवायचा आणि ज्या आठवड्यांत आकड्याची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच तो गप्प होता.