घरची बिअर आणि ५ लिटरचे छोटे केग: दहा महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः प्रेशरबद्दल

गेल्या ऑक्टोबरपासून आम्ही घरची बिअर बाटल्यांऐवजी छोट्या केगमध्ये (बिअरच्या बंद डब्यांत) भरतोय, अकरा बॅच झाल्या, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, इथे स्वतःपुरती बिअर घरी करायला १९६३ पासून लायसन्स लागत नाही, फक्त विकायची नाही. महाराष्ट्रात विनापरवाना घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्यांनी हे नुसतं वाचा.

आमच्याकडे दोन प्रकारचे केग आहेत. चार पत्र्याचे, ५ लिटरचे, वर रबरी बूच आणि खाली बाजूला ओढून बाहेर काढायची प्लास्टिकची तोटी. आणि एक स्टीलचा, ४ लिटरचा, स्क्रूचं झाकण, त्यावर गेज (प्रेशर दाखवणारा काटा) आणि सेफ्टी व्हॉल्व. स्टीलचा जवळपास पाचपट महाग पडला आणि सुरुवातीला मला तो उगाच खर्च वाटला होता, आता नाही वाटत, का ते पुढे सांगते.

आम्ही गॅसचा सिलिंडर लावून बिअर फसफसवत नाही. आंबून झालेल्या बिअरमध्ये थोडी साखर घालायची, केग बंद करायचा, उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि गॅस बाहेर जायला जागा नसल्यामुळे बिअरमध्येच विरघळतो. चव मला यातच आवडते, फेस मऊ येतो. पण हे करताना आत नक्की काय चाललंय त्याचा अंदाज पाहिजे. साध्या इंग्लिश एलला (इथली पारंपरिक, कमी फसफसणारी बिअर) लागतो तेवढा गॅस, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये साधारण दोन लिटर गॅस (याला दोन व्हॉल्यूम म्हणतात), भरला की २० अंशाला आतलं प्रेशर सव्वा बारच्या (बार हे प्रेशर मोजायचं माप) आसपास असतं. आपल्या कुकरची शिट्टी साधारण १ बारला होते. म्हणजे जिन्याखालच्या कपाटात दोन आठवडे शिट्टीच्या वरचं प्रेशर घेऊन बसलेला डबा आहे आणि पत्र्याच्या डब्याला शिट्टी नाहीये. कुकरखालचा गॅस तरी बंद करता येतो, यीस्टला बंद करायचं बटण नाही.

आता मे महिन्यात काय झालं ते. मार्चमध्ये एक बिटर (एलचाच कडवट प्रकार) केली होती, घर थंड होतं, रात्री स्वयंपाकघरात १४ अंश वगैरे, आणि हायड्रोमीटर (बिअर पाण्याच्या किती पट जड आहे, म्हणजे तिची ग्रॅव्हिटी, दाखवणारी तरंगती नळी; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो) १.०१४ वर येऊन थांबला. आधीच्या दोन्ही वेळा हीच बिअर १.०१० पर्यंत उतरली होती हे वहीत लिहिलेलं होतं, पण बुडबुडे थांबलेले दिसले आणि वीकेंडला पाहुणे येणार होते म्हणून मी साखर घालून भरून टाकली. तीन केग पाहुण्यांबरोबर संपले, गॅस जरा कमीच होता, चौथा राहिला. मेमध्ये जागा हवी म्हणून नवऱ्याने तो कॉन्झर्व्हेटरीत नेऊन ठेवला, काचेची खोली, दुपारी ऊन आलं की तिशीच्या वर सहज जाते. तीन दिवसांनी मी टेबल पुसताना त्याला हात लागला आणि केग डुगडुगला. नेहमी सपाट बसणारा डबा. वाकून बघितलं तर आत वळलेला तळ बाहेर आला होता, चपातीचा पापुद्रा फुगावा तसा, आणि वरचं बूच कडेपेक्षा अर्धा सेंटीमीटर वर सरकलेलं. मी खरंच घाबरले, मुलगी त्याच खोलीत खेळत होती.

नंतर बसून हिशोब केला तो इथे देते कारण सगळ्यात कामाचा तोच आहे. केगमध्ये गेल्यावर ग्रॅव्हिटी एक पॉइंट उतरली, म्हणजे १.०१४ ची १.०१३ झाली, की साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस तयार होतो. माझे चार पॉइंट राहिले होते म्हणजे दोन व्हॉल्यूम. साखर लिटरला ४ ग्रॅम घातलेली, तिचा एक. आणि २० अंशाला आंबलेल्या बिअरमध्ये मुळातच पाऊण-एक व्हॉल्यूम विरघळलेला असतो. बेरीज पावणेचारच्या पुढे, आणि तिशीच्या तापमानात त्याचं प्रेशर साडेचार बारच्या वर जातं. थंडीत झोपलेलं यीस्ट उन्हात जागं झालं, बस एवढंच.

त्या दिवशी काय केलं तेही सांगते. बुचाला हात लावला नाही. मुलीला बाहेर काढलं, केगवर जाड ओला टॉवेल गुंडाळला, गॉगल घातला, तोंड लांब ठेवून तो फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचा नाही असं ठरवलं. थंड झाल्यावर गॅस बिअरमध्ये परत विरघळतो आणि प्रेशर बरंच खाली येतं, दोन व्हॉल्यूमची बिअर ४ अंशाला अर्ध्या बारच्या आतबाहेर असते. फ्रिजरमध्ये मात्र नाही, गोठलं की पाणी फुगतं. मग बुचातला लाल खिट्टा अगदी किंचित फिरवत, थांबत थांबत गॅस सोडला, जवळजवळ पाऊण तास लागला.

तेव्हापासून आमच्याकडे ग्रॅव्हिटी तीन दिवसांच्या अंतराने दोनदा सारखी आल्याशिवाय काही भरलं जात नाही, पाहुणे येवोत की दिवाळी असो. आणि सारखी आली तरी अपेक्षेपेक्षा वर अडकलेली असेल तर एक पेलाभर बिअर वेगळी काढून, त्यात चिमूटभर जास्तीचं यीस्ट टाकून, बॉयलरच्या कपाटात उबेला ठेवते, दोन-तीन दिवसांत ती जिथवर उतरते तिथवर मोठी बॅचही कधी ना कधी उतरणार. सेझन (बेल्जियन धाटणीची बिअर) जातीची काही यीस्ट तर इतर यीस्टना न पचणारी साखरही हळूहळू महिनोन्महिने खात राहतात, ती मी पत्र्याच्या डब्यात भरतच नाही.

साखर चमच्याने नाही, काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. बाटल्यांसाठी लिटरला ७-८ ग्रॅम चालते ती सवय केगला लावू नका, ५ लिटरच्या डब्याला मी २० ग्रॅम घालते, त्यात एल छान होते. साखर उकळत्या पाण्यात विरघळवून बादलीत सगळ्या बिअरमध्ये नीट ढवळून मगच चार केगमध्ये वाटायची, दुसऱ्या बॅचला पाक तळाशी बसला होता आणि शेवटचा केग नळ उघडताच नुसता फेस ओकला. काठोकाठ भरायचं नाही, वर दोन बोटं जागा हवी, नाहीतर ऊबेने बिअर फुगली तरी तिला जागा नसते.

बिनगेजच्या डब्यासाठी एक युक्ती खूप उपयोगी पडली. त्याच बॅचची अर्धा लिटर बिअर सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून, टोपण घट्ट लावून, केगच्या शेजारी ठेवायची. रोज अंगठ्याने दाबायची. पहिल्या दिवशी मऊ, चौथ्या-पाचव्या दिवशी टणक होते, टणक झाली की केग थंड जागी हलवायचा, आणि दगडासारखी लागली तर वाट न बघता फ्रिजमध्ये. आकडा कळत नाही पण धोका कळतो.

स्टीलच्या केगबद्दल. याला आम्ही स्पंडिंग व्हॉल्व लावला, म्हणजे ठरवलेल्या प्रेशरच्या वर गेलं की आपोआप गॅस सोडणारा व्हॉल्व. सव्वा बारला सेट केला की साखरही घालावी लागत नाही, शेवटचे चार-पाच पॉइंट बाकी असताना बंद करायचं, जास्तीचं बाहेर जातं. पण यावरही डोळे मिटून विश्वास नको. एकदा केग फार वरपर्यंत भरला होता, फेस चढून व्हॉल्वमध्ये वाळला आणि व्हॉल्व चिकटून बसला, गेज दोन बारच्या पुढे दिसल्यावर कळलं. आता पाव भाग रिकामा ठेवते, आणि दर वेळी व्हॉल्व सुटा करून गरम पाण्यात धुते. झाकणाचे स्क्रू फिरवण्याआधी सेफ्टीची रिंग ओढून फुस्स पूर्ण थांबेपर्यंत धरायची, यात घाई अजिबात नको, प्रेशरखाली सुटलेलं झाकण तोंडावर येऊ शकतं.

इथल्या पबच्या तळघरात ११ ते १३ अंशाला पिंपं ठेवतात आणि जास्तीचा गॅस जायला वर बांबूची सच्छिद्र खुंटी ठोकतात, ते बघितल्यावर मला वाटलं की पबच्या पिंपाला जी सोय आहे ती आपल्या पत्र्याच्या डब्याला का नसावी. म्हणून नवीन घेणार असाल तर एकच, पण व्हॉल्व आणि गेजवाला घ्या. पत्र्याचे घ्यायचेच असतील तर फक्त हलक्या एलसाठी, आणि थंड कपाट असेल तरच.

तो फुगलेला डबा मी फेकला. नवरा म्हणाला ठोकून सरळ होईल. सरळ होतो, पण वाकून आलेला पत्रा घडीवर कमकुवत झालेला असतो, त्यात परत बिअर भरू नका.